इंग्रजी विशेषणं कशी वापरायची: ‘मला’पासून ‘आय अ‍ॅम’पर्यंत

‘मला भूक लागली’ हे इंग्रजीत सांगा म्हटलं की बहुतेकांना ‘आय अ‍ॅम हंग्री’ चटकन येतं. ते शाळेतच पाठ झालेलं असतं. पण त्याच घडणीचं ‘मला कंटाळा आला’ समोर आलं की गाडी अडते. कोणी म्हणतं ‘आय अ‍ॅम बोअर’, कोणी ‘आय अ‍ॅम बोअरिंग’. पहिलं वाक्य अर्धवट राहिलं. दुसरं व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ‘मी रटाळ माणूस आहे’ असा होतो. बोलणाऱ्याला हे कळतही नाही आणि ऐकणारा सभ्यपणे गप्प बसतो.

मराठी माध्यमात शिकलेल्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधीच्या पिढीची आणि इंग्रजीची भेट पाचवीत झाली. या पिढीला व्याख्या पक्की येते: नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, आणि ज्याबद्दल माहिती सांगितली ते विशेष्य. ‘लाल साडी’मध्ये लाल हे विशेषण, साडी हे विशेष्य. गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण हे प्रकारही पाठ असतात, आणि ते तिन्ही इंग्रजीतही आहेत. अडतं ते बोलताना. म्हणून इथे व्याख्येवर वेळ न घालवता थेट तोंडी वाक्यांपासून सुरुवात करू.

पायरी १: आधी हायसं वाटू द्या, हा शब्द बदलत नाही

मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगले मुलगे, चांगल्या मुली, आणि पुढे प्रत्यय लागला की चांगल्या मुलाला. एका ‘चांगला’ची इतकी रूपं आपण लहानपणी न शिकवता शिकलो. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द: गुड. गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज, गुड गर्ल्स. आपल्याकडे सुंदर, गरीब, हुशार ही विशेषणं जशी कुठेही गेली तरी तशीच राहतात, तशी इंग्रजीतली जवळजवळ सगळीच विशेषणं राहतात.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी अशी नव्हती. तेव्हा तिथेही विशेषणाला लिंग, वचन, विभक्ती लागत असे. पुढच्या काही शतकांत ते सगळं झडून गेलं, आणि त्याचा फायदा आज आपल्याला मिळतो.

वचनाप्रमाणे बदलणारी दोनच विशेषणं लक्षात ठेवा: हा, ही, हेसाठी ‘धिस’, पण अनेक असतील तर ‘दीज’, तो, ती, तेसाठी ‘दॅट’, आणि अनेक असतील तर ‘दोज’. म्हणून ‘दीज बुक्स’ म्हणायचं, ‘धिस बुक्स’ नाही. आणि नाम अनेकवचनी झालं म्हणून विशेषणाला ‘स’ जोडू नका. ‘रेड्स साडीज’ असं काही नसतं, ‘रेड साडीज’ असतं.

पायरी २: ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं उलटवायला शिका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

मन आणि शरीर यांच्याबद्दल मराठीत बोलताना आपण बहुतेक वेळा विशेषण वापरतच नाही. आपण नाम वापरतो आणि ते नाम आपल्याकडे येतं, लागतं, वाटतं, वाजतं, होतं. भूक लागते, राग येतो, भीती वाटते, थंडी वाजते, आनंद होतो. या वाक्यांचा कर्ता भूक, राग, भीती; आपण फक्त ‘मला’ म्हणून बाजूला उभे. इंग्रजी याच्या उलट वागते. ती माणसाला वाक्याच्या डोक्यावर बसवते आणि त्याची अवस्था विशेषणाने सांगते. म्हणून मराठीतून शब्दाला शब्द जोडत गेलं की ‘टू मी अँगर केम’सारखं काहीतरी तयार होतं आणि आपण मध्येच थांबतो.

पुढच्या जोड्या मोठ्याने म्हणा. वाचून उपयोग नाही.

मला तहान लागली: आय अ‍ॅम थर्स्टी.
मला झोप आली: आय अ‍ॅम स्लीपी.
मला राग आला: आय अ‍ॅम अँग्री.
मला उशीर झाला: आय अ‍ॅम लेट.
मला खात्री आहे: आय अ‍ॅम शुअर.
मला कुत्र्यांची भीती वाटते: आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ डॉग्ज.
मला माझ्या मुलीचा अभिमान आहे: आय अ‍ॅम प्राउड ऑफ माय डॉटर.
मला परीक्षेची काळजी वाटते: आय अ‍ॅम वरीड अबाउट द एक्झाम.
मला संगीतात रस आहे: आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन म्यूझिक.
मला गर्दीची सवय आहे: आय अ‍ॅम यूज्ड टू क्राउड्स.

शेवटच्या पाच वाक्यांत विशेषणाच्या पाठोपाठ ऑफ, अबाउट, इन, टू असे छोटे शब्द आले आहेत. ते विशेषणाबरोबरच पाठ करा, सुटे करू नका. ‘अफ्रेड’ असं नाही, ‘अफ्रेड ऑफ’ असं पाठ करायचं. कारण इथे मराठी आपल्याला चकवते. आपण ‘गणितात चांगला’ म्हणतो म्हणून ‘गुड इन मॅथ्स’ तोंडात येतं, इंग्रजीत रूढ आहे ‘गुड अ‍ॅट मॅथ्स’. आपण ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणतो म्हणून ‘मॅरीड विथ’ येतं, हवं असतं ‘मॅरीड टू’. ‘यापेक्षा वेगळा’मुळे ‘डिफरंट दॅन’ सुचतं. अमेरिकेत ते चालतं, पण ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, म्हणून तेच शिका.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर ‘माझं लग्न झालंय’ याबद्दलही सांगते. ‘माय मॅरेज इज हॅपन्ड’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. यातही तीच युक्ती चालते. माणूस पुढे, अवस्था मागे: आय अ‍ॅम मॅरीड.

एक अपवाद आहे. आजारांची नावं नामच राहतात. ‘मला ताप आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ फीव्हर’. म्हणून ‘आय अ‍ॅम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे, आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. डॉक्टरांसमोर हा फरक उपयोगी पडतो. ‘मला बरं वाटत नाही’ला मात्र पुन्हा विशेषणच लागतं: आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल. इथलं ‘वेल’ म्हणजे तब्येतीने ठीक.

पायरी ३: बोअर्ड आणि बोअरिंग

एकाच क्रियापदापासून दोन विशेषणं होतात. एकाच्या शेवटी ईडी, दुसऱ्याच्या शेवटी आयएनजी. ज्याला भावना होते त्याला ईडी, जो ती भावना निर्माण करतो त्याला आयएनजी. भाषण बोअरिंग, म्हणून श्रोते बोअर्ड. बातमी शॉकिंग, म्हणून आपण शॉक्ड. प्रवास टायरिंग, म्हणून आजी टायर्ड.

मराठी भाषकांची इथे जी चूक होते तिचं कारण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीतले हे शब्द आपण मराठीत आणले, पण आणताना त्यांची शेपटी कापली. ‘मी कन्फ्यूज झालो’, ‘ती इम्प्रेस झाली’, ‘सगळे शॉक झाले’, ‘जाम बोअर झालं’. मराठीत हे बिनघोर चालतं, कारण ‘झालो’ आणि ‘झाली’ बाकीचं काम करतात. मग इंग्रजीत जाताना तोच कापलेला शब्द बरोबर जातो आणि ‘आय अ‍ॅम कन्फ्यूज’ होतं. उपाय सोपा आहे. मराठीत जिथे ‘झालो, झाली, झाले’ लागतं, तिथे इंग्रजीत शेवटचा ‘ड’ किंवा ‘ट’ ऐकू आला पाहिजे: कन्फ्यूज्ड, इम्प्रेस्ट, शॉक्ट, बोअर्ड. लिहिताना सगळीकडे ईडीच लिहायचं.

दुकानाबाबतही अशीच गंमत होते. ‘दुकान क्लोज आहे’ हे आपलं मराठी. ‘द शॉप इज क्लोज’ म्हटलं की अर्थ निघतो दुकान जवळ आहे, कारण विशेषण म्हणून ‘क्लोज’ म्हणजे जवळचा. बंद असेल तर ‘द शॉप इज क्लोज्ड’. पण उघडं असेल तर ‘ओपन्ड’ नाही, नुसतं ‘ओपन’. ‘ओपन’ स्वतःच विशेषण आहे, त्याला शेपटी लागत नाही.

पायरी ४: शब्द कुठे ठेवायचा

दोनच मुख्य जागा. एक, नामाच्या आधी: अ टॉल ट्री. दुसरी, ‘आहे’ किंवा त्या जातीच्या क्रियापदानंतर: द ट्री इज टॉल. मराठीतही उंच झाड आणि झाड उंच आहे, हेच होतं.

‘त्या जातीची क्रियापदं’ म्हणजे दिसणं, वाटणं, लागणं, होणं. ती दमलेली दिसते: शी लुक्स टायर्ड. आमटी छान लागते: द आमटी टेस्ट्स गुड. खोली मोठी वाटते: द रूम सीम्स बिग. त्याची तब्येत बिघडली: ही बिकेम इल. आमटीला ‘टेस्ट्स वेल’ म्हणू नका. इथे चवीची क्रिया सांगायची नाही, आमटीचा गुण सांगायचा आहे.

उलट चूक खेळण्यात आणि गाण्यात होते. ‘तो चांगला खेळतो, ती चांगली गाते’ या वाक्यांत आपण क्रियेबद्दल बोलत असतो, पण मराठीत ‘चांगला, चांगली’ हे विशेषणाचंच रूप क्रियाविशेषणाचं काम करतं आणि कर्त्याप्रमाणे बदलतंही. त्यामुळे ‘ही प्लेज गुड’ म्हणताना आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजीत क्रियेसाठी वेगळा शब्द हवा: ही प्लेज वेल, शी सिंग्ज ब्यूटिफुली. ऐन वेळी तो शब्द आठवला नाही तर वाक्य फिरवा आणि नाम आणा: शी इज अ गुड सिंगर. नवशिक्यांना ही पळवाट मी मुद्दाम शिकवते, ती शंभर टक्के शुद्ध आहे.

सामान्यतः विशेषणाला ‘ली’ जोडलं की क्रियाविशेषण होतं. स्लोचं स्लोली, केअरफुलचं केअरफुली. पण ‘हार्ड’ला जोडू नका. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी मेहनत करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. आणि फ्रेंडली, लव्हली, लोनली यांच्या शेवटी ‘ली’ असूनही ती विशेषणंच आहेत.

काही विशेषणं फक्त दुसऱ्या जागी बसतात. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ बरोबर, ‘अ‍ॅन अस्लीप चाइल्ड’ चूक. तिथे ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ हवं. कारण या शब्दाच्या जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत ‘झोपेवर’ असा अर्थ देणारे दोन शब्द होते, त्यातला ‘ऑन’ झिजून ‘अ’ उरला आणि पुढच्या शब्दाला चिकटला. ‘अलाइव्ह’ही तसाच, ‘जीवनावर’ असलेला. ‘झोपेवर मूल’ असं आपणही म्हणत नाही, तसंच ते. अवेक, अफ्रेड, अलोन यांचंही नामाच्या आधी जमत नाही. उलट ‘मेन’ फक्त नामाच्या आधीच येतो: द मेन रोड. ‘द रोड इज मेन’ होत नाही.

आणि नामाच्या मागे जाणारी मोजकी विशेषणं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. अ‍ॅडव्होकेट जनरल, अ‍ॅटर्नी जनरल, कोर्ट मार्शल. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा बराच काळ फ्रेंच राहिली. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामानंतर येतं, ती ठेवण या नावांत टिकून आहे. यातला ‘जनरल’ सैन्यातला सेनापती नव्हे, ‘सर्वसाधारण’ या अर्थाचं ते विशेषण आहे. म्हणून अनेकवचन करताना नामाला ‘स’ लागतो: अ‍ॅटर्नीज जनरल. रोजच्या बोलण्यात मात्र एवढंच लक्षात ठेवा की समथिंग, समवन, नथिंग यांच्यानंतर विशेषण येतं: समथिंग न्यू, समवन स्पेशल. मराठीतल्या ‘काहीतरी नवीन’सारखंच.

पायरी ५: तुलना

मराठीत तुलना करताना विशेषण हलत नाही. ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ हे शब्द काम करतात. कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच, कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच. इंग्रजीत मात्र इथे पहिल्यांदाच विशेषणाचं रूप बदलतं: कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर. कळसूबाई, अ‍ॅट १,६४६ मीटर्स, इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.

हे रूप बदलणं आपल्याला अगदी परकं नाही. संस्कृतमधून आलेले तर आणि तम हे प्रत्यय आपण शाळेत गणिताच्या तासाला वापरले आहेत: लघुतम सामाईक विभाज्य, महत्तम सामाईक विभाजक. ‘तारतम्य’ हा शब्द याच तर-तम जोडीतून आला. याहून जवळचं नातं ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ या शब्दांचं आहे. त्यांतला ‘इष्ठ’ आणि टॉलेस्ट, हायेस्टमधला ‘एस्ट’ एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत. ज्येष्ठ म्हणजे वयाने सर्वांत मोठा, एल्डेस्ट. ही जोडी एकदा कानात बसली की ‘एस्ट’ विसरत नाही.

आता प्रत्यय कधी लावायचा आणि ‘मोअर’ कधी, हे टाळ्या वाजवून ठरवा. उच्चाराच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी: ‘टॉल’ला एक, ‘ई-झी’ला दोन. शब्द म्हणताना एकच टाळी वाजली तर अर, एस्ट लावा: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. दोन टाळ्या आणि शेवटी वाय असेल तरी तेच, फक्त वायचा आय करा: ईझी, ईझिअर, ईझिएस्ट. दोन टाळ्यांच्या बाकी बहुतेक शब्दांना आणि तीन किंवा जास्त टाळ्यांच्या शब्दांना मोअर आणि मोस्ट: मोअर केअरफुल, मोस्ट ब्यूटिफुल. ‘सिम्पल’सारखे काही दोन टाळ्यांचे शब्द सिम्पलर असा प्रत्ययही घेतात, ते वाचता वाचता कळतील. बिग, हॉट अशा छोट्या शब्दांत शेवटचं अक्षर लिहिताना दुप्पट होतं.

गुड, बेटर, बेस्ट आणि बॅड, वर्स, वर्स्ट हे वेडेवाकडे आहेत, ते पाठच करावे लागतात.

चुका कुठे होतात ते सांगते. ‘मोअर बेटर’ म्हणू नका. बेटरमध्ये ‘जास्त’ आलेलंच आहे. ‘आता खूपच बरं आहे’ यासाठी ‘व्हेरी बेटर’ नाही, ‘मच बेटर’. साध्या विशेषणाला व्हेरी, तुलनेच्या रूपाला मच. सीनियर, ज्युनियर हे लॅटिनमधून आले, त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतं: शी इज सीनियर टू मी. आणि ‘वन ऑफ द बेस्ट’ म्हटलं की पुढचं नाम अनेकवचनी: वन ऑफ द बेस्ट प्लेअर्स. ही शेवटची चूक तर मराठी नीट ऐकली तरी टळते. आपण ‘सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक’ म्हणतो, ‘खेळाडूपैकी एक’ म्हणत नाही.

पायरी ६: एकापेक्षा जास्त विशेषणं

आजीचा तांब्याचा मोठा जुना हंडा. मराठीत हे शब्द पुढे-मागे केले तरी कान तक्रार करत नाही. तांब्याचा मोठा हंडा, मोठा तांब्याचा हंडा, दोन्ही ठीक. इंग्रजीत ‘कॉपर बिग ओल्ड पॉट’ लगेच खटकतं. तिथला क्रम असा असतो: आधी आपलं मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, कुठला, कशाचा. अ ब्यूटिफुल बिग ओल्ड कॉपर पॉट.

हे सात कप्पे पाठ करायची गरज नाही. वस्तूपासून जे वेगळं करता येत नाही ते नामाला चिकटून बसतं. तांबं हंड्यातून काढता येत नाही, म्हणून ‘कॉपर’ शेवटी. ‘सुंदर’ हे माझं मत, ते माणसागणिक बदलतं, म्हणून सगळ्यात लांब. बोलताना सलग तीनच्या वर विशेषणं क्वचित लागतात.

या हंड्यात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘तांब्याचा’मधला ‘चा’ इंग्रजीत उडून जातो आणि नुसतं नाम विशेषणाचं काम करतं: कॉपर पॉट, स्टोन वॉल, स्कूल बॅग. सोन्याची अंगठी म्हणजे गोल्ड रिंग. ‘गोल्डन’ म्हटलं तर बहुधा सोनेरी रंगाचा.

असं नाम किंवा मोजमाप विशेषण झालं की ते एकवचनी होतं. दहा रुपयांची नोट: अ टेन-रूपी नोट. दोन तासांचा पेपर: अ टू-अवर पेपर. पाच वर्षांची मुलगी: अ फाइव्ह-इअर-ओल्ड गर्ल. पण ‘मुलगी पाच वर्षांची आहे’ असं वाक्य केलं की अनेकवचन परत येतं: द गर्ल इज फाइव्ह इअर्स ओल्ड.

अ आणि अ‍ॅन हे लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावर ठरतात, नामावर नाही. अ‍ॅन अ‍ॅपल, पण अ बिग अ‍ॅपल. अ कार, पण अ‍ॅन ओल्ड कार.

पायरी ७: थोडे आणि थोडेच

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक समजावायला इंग्रजी पुस्तकं पानं खर्च करतात. मराठी माणसाला त्यासाठी एक ‘च’ पुरतो. थोडे लोक आले: अ फ्यू पीपल केम. थोडेच लोक आले: फ्यू पीपल केम. पहिल्यात समाधान आहे, दुसऱ्यात खंत. न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी हीच जोडी ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ अशी होते. थोडं पाणी आहे, अ लिटल वॉटर. थोडंच पाणी उरलंय, लिटल वॉटर.

पायरी ८: एका मराठी शब्दाला एकच इंग्रजी शब्द शोधू नका

‘कडक’ घ्या. कडक चहा स्ट्राँग, कडक शिक्षक स्ट्रिक्ट, कडक ऊन स्कॉर्चिंग, कडक नोट क्रिस्प, वाळून कडक झालेली भाकरी हार्ड. ‘कच्चा’ही तसाच. कच्चं फळ अनराइप, कच्ची भाजी रॉ, कच्चा आराखडा रफ, गणितात कच्चा म्हणजे वीक. मोठा भाऊ एल्डर, मोठा आवाज लाउड, मोठा पाऊस हेवी. म्हणून शब्दकोशात विशेषण शोधलं की अर्थावर थांबू नका, ते कोणत्या नामाबरोबर दिलं आहे ते पाहा आणि जोडीच उतरवून घ्या. वहीत ‘हेवी’ लिहू नका, ‘हेवी रेन’ लिहा.

मराठीतली हिरवागार, काळाकुट्ट, थंडगार ही जोडविशेषणं मला फार प्रिय आहेत. इंग्रजीत जाताना ती टाकून द्यावी लागतील असं अनेकांना वाटतं, पण तिथेही असे ठरलेले जोड आहेत. हिरवागार लश ग्रीन, काळाकुट्ट पिच-ब्लॅक, थंडगार आइस-कोल्ड, कोरा करकरीत ब्रँड-न्यू. गरमागरम भजी ‘हॉट हॉट’ नाहीत, ‘पाइपिंग हॉट’ आहेत. आणि ‘छोटी छोटी मुलं’ला ‘स्मॉल चिल्ड्रन’ एवढं पुरतं. अनेक मुलं आहेत हे नामच सांगतं.

आपल्याकडे रुळलेल्या काही इंग्रजी विशेषणांचे अर्थ बाहेर वेगळे आहेत, हे परदेशी जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. स्थळांच्या जाहिरातीत ‘होमली’ म्हणजे गृहकृत्यदक्ष, घरात रमणारी. ब्रिटनमध्ये हा शब्द साध्या, ऊबदार घराला लावतात. अमेरिकेत बाईला ‘होमली’ म्हटलं तर ती दिसायला चांगली नाही असा अर्थ होतो. ‘स्मार्ट’ आपण रुबाबदार दिसणाऱ्याला म्हणतो, अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ हुशार. कौतुकाने ‘ही इज सिम्पल’ म्हणाल तर ‘बुद्धीने बेताचा’ असाही अर्थ घेतला जाऊ शकतो. साधेपणा सांगायचा तर ‘डाउन-टू-अर्थ’ बरं.

रोजचा सराव

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं. दिवसभरात मराठीत बोललेली ‘मला’ची तीन वाक्यं आठवा आणि उलटवून मोठ्याने म्हणा. मग डोळ्यांसमोरच्या एका वस्तूला दोन विशेषणं लावा, क्रम सांभाळून. शेवटी घरातल्या दोन गोष्टींची तुलना करा, आईचा चहा आणि स्वतःचा चहा असं काहीही. माझ्या वर्गातल्या एका आजींनी पहिल्या आठवड्यात वहीत लिहिलेली वाक्यं इथे देते, तुमची पहिली वाक्यंही एवढीच लांब असू द्या:

आय अ‍ॅम टायर्ड. माय नीज आर वीक. माय ग्रँडसन इज नॉटी, बट ही इज अफ्रेड ऑफ लिझर्ड्स. आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ लिझर्ड्स. माय टी इज स्ट्राँगर दॅन माय डॉटर-इन-लॉज टी.